आधी आडनाव

मित्रांनो, मोडकी छत्री, शाळेची घंटा, गंजलेली सायकल अशा पुष्कळ वस्तूंनी तुम्हाला आपापली कहाणी सांगितली असेल. त्यांना निदान हात लावता येतो. मी एक जुना इंडेक्स आहे आणि मला आजवर कुणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. कॉम्प्युटरच्या पोटात माहितीचा जो साठा असतो, ज्याला डेटाबेस म्हणतात, त्यात मी राहतो. माझी कहाणी सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला स्वतःलाच शंका आहे. सांगता सांगता अडखळलो तर सांभाळून घ्या.

तुमच्या एखाद्या जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते ना? ‘कापूस’ हा शब्द कोणत्या पानांवर आला आहे, हे ती चटकन सांगते. ती नसली तर कापूस शोधायला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत बसावे लागेल. मी त्या सूचीच्याच कुळातला. सूचीत पुस्तकातला मजकूर नसतो, नुसते पानांचे आकडे असतात. माझ्यातही माणसे नाहीत. त्यांच्या नोंदी कुठे ठेवल्या आहेत, एवढेच मला ठाऊक असते.

माझा जन्म लकडगंजला झाला. खाली लाकडाची वखार, वर एक खोली. दिवसभर करवतीचा आवाज चाले आणि खिडकी कितीही घट्ट लावली तरी सागवानाचा भुसा कॉम्प्युटरच्या पंख्यात शिरे. या खोलीत हरवलेल्या माणसांचा शोध घेणारी एक लहानशी संस्था होती. नागपूरच्या स्टेशनावर चारी दिशांच्या गाड्या येतात. त्यांतून आणि एसटीतून कधी वाट चुकलेली मुले उतरतात, कधी आपण कोण आहोत हेच विसरलेली म्हातारी माणसे. कुणीतरी दया येऊन त्यांना एखाद्या निवाऱ्यात पोचवतो. घरची माणसे मात्र भलतीकडेच शोधत फिरतात. म्हणून असे ठरले होते की आसपासच्या सगळ्या निवाऱ्यांनी आपल्याकडच्या माणसांची माहिती या खोलीत पाठवायची आणि शोधणाऱ्यांनी इथे यायचे.

संस्थेचे काम मधुकरराव पाहत. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, भला माणूस. कुणी रडत आले तर आधी पाणी देत, मग खुर्ची. कॉम्प्युटरचे काम दीक्षाकडे होते. ती एका कंपनीत नोकरी करायची आणि शनिवारी इथे येऊन फुकट राबायची. माणसे एकसारखी नसतात, हे तिला आधीच कळले होते. छापील तक्त्यात सगळ्यांना सारखेच रकाने असतात. तिने निवडलेल्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंद आपापल्या आकाराची असू शकत होती. एकाच्या नोंदीत चष्मा, दुसऱ्याच्या नोंदीत पायातला काळा दोरा, तिसरीच्या नोंदीत तिला येणारी गाणी.

नोंदी जमू लागल्या तेव्हा त्या भरभर सापडाव्यात म्हणून इंडेक्स हवा झाला. त्या दिवशीचे बोलणे मला आठवते, कारण माझा स्वभाव त्यातच ठरला.

“सर, इंडेक्स कशावर करू?” दीक्षाने विचारले.

“कशावर म्हणजे? आडनावावर,” मधुकरराव म्हणाले. “आधी आडनाव, मंग गाव, मंग नाव. जन्म गेला माहा कचेरीत. सगळीकडे आधी आडनावच असते वं.”

“अन् ज्याले आडनाव आठवतच नाही, तो?”

“त्याले मंग शोधायचं कशावरून? आडनाव समजलं का अर्धा माणूस समजते.”

दीक्षा हसली. “आमचं आडनाव सांगितलं का लोकाईले पुराच समजते, सर. पुढचं काही विचारतच नाही.”

तिच्या आजीने छप्पन साली नागपुरातच धम्म स्वीकारला होता. आडनाव विचारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय काय होते, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होते. मधुकररावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

“तू ना, कुठली गोष्ट कुठं नेतं. कर बाप्पा, आडनावापासून कर.”

तिने तसे केले. मी जन्मलो.

मित्रांनो, माझा हा क्रम नीट समजून घ्या. तुमच्या शाळेत इयत्ता, मग तुकडी, मग हजेरी क्रमांक असतो. ‘सहावी, ब, बारावा’ म्हटले की मुलगा लगेच उभा राहतो. पण कुणी नुसतेच ‘बारावा कोण?’ विचारले तर शिपायाला प्रत्येक वर्गात डोकवावे लागेल. माझेही तसेच आहे. आडनाव दिले तर मी झटकन सांगतो. आडनाव आणि गाव दिले तर त्याहून झटकन. पण आडनाव न देता नुसती गालावरची खूण विचारली तर माझा काही उपयोग नसतो. तेव्हा कॉम्प्युटर मला ओलांडून पुढे जातो आणि एकेक नोंद उघडून वाचू लागतो.

तरी माझी उमेदीची वर्षे बरी गेली. कुणी आडनाव सांगावे, मधुकररावांनी एका बोटाने ते टाइप करावे आणि त्यांनी बटणावरून बोट उचलायच्या आत मी उत्तर द्यावे. उमरेडचे एक आजोबा सापडले. रामटेकच्या यात्रेत चुकलेली एक मुलगी आईला मिळाली. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मधुकररावांचा हात कॉम्प्युटरच्या पडद्यावर होता. मी त्या पडद्याच्या फार आत होतो. माझे नाव यावे अशी माझी इच्छा नव्हती. तरी ती बातमी त्यांनी मोठ्याने वाचली तेव्हा मी ऐकत होतो.

याच दिवसांत आणखी एक लहानशी गोष्ट घडली. कॉम्प्युटर नोंदी वाचत बसला तर समोरचा माणूस ताटकळत राहतो. म्हणून काही वेळाने शोध आपोआप सोडून द्यावा, अशी सोय होती. तसे झाले की पडद्यावर लाल इंग्रजी अक्षरे येत.

“अवं दीक्षा, हे लाल लाल काय येते?” मधुकरराव एका शनिवारी म्हणाले. “काल एक बाई रडाले लागली. तिले वाटलं, पोरगं मेलं अन् हे इंग्रजीत सांगून राहिले.”

“नाही सर, वेळ संपला, एवढंच म्हणते ते.”

“मंग मराठीत, चांगल्या भाषेत लिही ना. ‘क्षमस्व, नोंद आढळली नाही.’ असं लिही. माणसाले धक्का नको बसाले.”

दीक्षाला घरी जायची बस गाठायची होती. तिने लाल अक्षरांच्या जागी ते वाक्य घातले. खरोखरच नोंद नसेल तेव्हाही तेच वाक्य येत असे. आता शोध अर्धवट राहिला तरी तेच येऊ लागले. दोघांच्याही मनात दयाच होती, हे मी शपथेवर सांगेन. त्या दिवसापासून पडद्याकडे पाहून दोन्हींतला फरक कुणालाच कळेनासा झाला.

आता माझ्या मनातली सल सांगतो. ज्यांना आडनाव नाही, अशी माणसे माझ्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी असतात. रिकामी जागा अक्षरांच्या आधी येते, असा नियम आहे. स्वतःचे नाव विसरलेली, बोलता न येणारी, विचारले की नुसती हसणारी, अशी ती माणसे. दर महिन्याला त्यांची गर्दी वाढे. पण ‘आडनाव नसलेला कुणी आहे का?’ असे विचारायला कोणीच येत नाही. कारण शोधणाऱ्या घरच्यांना आडनाव माहीत असते. ते माहीत नसते फक्त हरवलेल्याला. या दोघांची गाठ माझ्यात कशी पडावी? मी यावर खूप विचार केला. विचार करून इंडेक्स बदलत नाही.

एके दिवशी मौद्याच्या निवाऱ्यातून एक नोंद आली. आडनाव नाही, गाव नाही. नावाच्या जागी ‘बापूजी’ असे लिहिले होते, कारण निवाऱ्यात सगळे त्यांना तसेच म्हणत. तेवढेच मला दिसले आणि मी त्यांना पुढच्या गर्दीत उभे केले. नोंदीत बाकी काय होते ते मला फार उशिरा कळले, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. उजव्या हातावर विंचवाचे गोंदण. डाव्या हाताची करंगळी वाकडी. आणि शेवटी तिथल्या चारुशीलाताईंनी लिहिले होते: ‘गोल वस्तू दिसली की लहान-मोठी अशी रांगेत लावतात. लिंबे, बटाटे, मुलांचे चेंडू, काहीही.’

दिवाळीच्या दिवसांत, संत्र्यांचा आंबिया बहार बाजारात आला होता तेव्हा इंदूबाई पहिल्यांदा आल्या. काटोलच्या. एसटीने आल्या होत्या, हातात पिशवी होती. मधुकररावांनी पाणी दिले, खुर्ची दिली आणि विचारले,

“आडनाव?”

“रेवतकर.”

“गाव?”

“काटोल.”

“नाव सांगा मालकाचं.”

इंदूबाई पदराशी चाळा करू लागल्या. नवऱ्याचे नाव त्यांनी जन्मात घेतले नव्हते.

“देवाचं नाव हाय, साहेब.”

“अवं बाई, देव लय हायेत.”

“गाई राखते तो.”

“गोपाळ?”

“हाव,” म्हणून त्यांनी मान खाली घातली, जणू स्वतःच ते नाव उच्चारले होते.

रेवतकर, काटोल, गोपाळ. मी तत्काळ त्या जागी गेलो. तिथे कुणीच नव्हते. मी ‘नाही’ म्हणालो. मित्रांनो, ते उत्तर खरे होते. त्या नावाची नोंद खरोखरच नव्हती.

“कसे हरवले?” मधुकररावांनी विचारले.

“इथं मोठ्या दवाखान्यात आणलं होतं. विसरून राहिले होते सारं. बसस्टँडवर मी गाडी विचाराले गेली, मागं पाहिलं तं नाई. जिथं उभं केलं होतं तिथं नुसती त्याईची चप्पल.” मग त्या थोड्या सावरल्या. “संत्र्याच्या मंडीत छाटणीवर होते जी ते. नजर अशी का हातात घेतलं संत्रं का समजे, कोण्या ढिगात टाकाचं. दर ढिगातलं सगळ्यात मोठं बाजूले ठेवत. व्यापारी चिडवे, ‘काहून रे, घरी राणी बसवली का काय?’ तं म्हणत, ‘हाव, बसवली ना.’ अन् संध्याकाळी ते संत्रं माह्या हातात.”

मधुकरराव हसले. “अंगावर काही खूण?”

“उजव्या हातावर विंचू गोंदला हाय. अन् डाव्या हाताची करंगळी वाकडी. पेटी पडली होती तिच्यावर.”

मधुकररावांनी आडनाव पुसले आणि गोंदण व करंगळी लिहिली. कॉम्प्युटर माझ्याजवळून निघून गेला. तो पहिली नोंद उघडून वाचू लागला, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक नोंदीला फोटो जोडलेले होते, त्यामुळे त्या जड झाल्या होत्या. खाली वखारीत एक ओंडका चिरून होईपर्यंत तो वाचत होता. बापूजींची नोंद अजून बरीच पुढे होती. वेळ संपला आणि शोध थांबला. पडद्यावर वाक्य आले.

“क्षमस्व, नोंद आढळली नाही,” मधुकररावांनी हळू आवाजात वाचून दाखवले.

“म्हणजे काय जी?”

“म्हणजे... नाही हायेत, बाई.”

“सारं पाहिलं त्यानं?”

“कॉम्प्युटर हाय तो. सारंच पाहते.”

मी तिथेच होतो. बापूजी माझ्या रांगेत, रिकाम्या आडनावांच्या गर्दीत उभे होते. पण विचारल्याशिवाय इंडेक्सला बोलता येत नाही, आणि विचारले तरी मी विंचवाविषयी काय सांगणार होतो? इंदूबाईंनी पिशवीतून दोन संत्री काढून टेबलावर ठेवली. “तुमच्या पोराईले,” म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

उन्हाळा लागता लागता मृगाच्या संत्र्यांचा हंगाम आला तेव्हा त्या पुन्हा आल्या. मधुकररावांना त्या आठवत होत्या. त्यांनी आपण होऊन गोंदण आणि करंगळी टाकली. एव्हाना आधीच्या नोंदींना आणखी फोटो जोडले जाऊन त्या अधिकच जड झाल्या होत्या. शोध बापूजींपासून आणखीच दूर थांबला. तेच वाक्य आले. मधुकररावांनी ते आधीपेक्षाही हळू वाचले.

“मंग नागपुराकडे नसतीलच,” इंदूबाई म्हणाल्या. “कोण्या गाडीत बसून वर गेले असतील. पांढुर्ण्याकडे पाहून येतो. मंग बैतूल, इटारसी.”

“पाहून या,” मधुकरराव म्हणाले.

त्या पांढुर्ण्याला गेल्या, बैतूलला गेल्या, इटारसीच्या फलाटांवर फोटो दाखवत फिरल्या. मौदा नागपूरच्या पूर्वेला आहे. या खोलीतला तो ‘नाही’ ऐकून त्या नेमक्या उलट दिशेला गेल्या.

पुढच्या दिवाळीच्या सुमारास आंबिया बहार पुन्हा आला. दीक्षाची कंपनी तिला पुण्याला घेऊन गेली होती, पण सणाला ती घरी आली होती आणि शनिवारी सवयीने वखारीवरच्या खोलीत डोकावली होती. त्याच सकाळी इंदूबाई तिसऱ्यांदा आल्या. फार थकल्या होत्या. पिशवी मात्र भरलेली होती.

“नसतील, माहीत हाय मले,” त्या म्हणाल्या. “इकडून चालली होती, म्हणून आली.”

मधुकररावांनी गोंदण आणि करंगळी टाकली. दीक्षा शेजारी चहाचा कप धरून उभी होती. वाट पाहता पाहता तिच्या चहावर साय धरली. मग वाक्य आले.

“सर, हे ‘नाही’ इतकं उशिरा काहून आलं?”

“गोंदणाचं उशिरानंच येते. नेहमीचं हाय.”

दीक्षाने कप खाली ठेवला. तिने कॉम्प्युटरला काहीतरी विचारले आणि त्याचे उत्तर वाचले. मग ती खुर्चीत बसली.

“सर, हे ‘नाही’ नाही आहे. त्यानं पाहणं अर्ध्यातच सोडून दिलं. अन् आपलं ते वाक्य दाखवलं.”

“कोणतं वाक्य?”

“क्षमस्ववालं. मी टाकलं होतं ते.”

“मीच सांगितलं होतं तुले,” मधुकरराव म्हणाले. “मी तं वाचून दाखवलं वं त्याईले. दोनदा.”

इंदूबाई एकदा मधुकररावांकडे, एकदा दीक्षाकडे पाहत होत्या. “काय झालं जी?”

“काकू, अजून पुरतं पाहिलंच नाही आपण,” दीक्षा म्हणाली. “तुम्ही बसा. दुपारपर्यंत बसा.”

त्या दुपारी माझी धाकटी बहीण जन्मली. मी तिचा जन्म जवळून पाहिला. दीक्षाने आधी प्रत्येक नोंदीतल्या सगळ्या खुणा एका जागी आणल्या आणि त्यांच्या जोड्या लावल्या. गोंदण आणि विंचू. करंगळी आणि वाकडी. चष्मा आणि तुटका. दोरा आणि काळा. मग त्या सगळ्या जोड्यांवर मिळून एकच इंडेक्स केला. माझ्यात एका माणसाची एकच जागा असते. बहिणीत एक माणूस आपल्या प्रत्येक खुणेसोबत उभा राहतो, पंधरा खुणा असतील तर पंधरा ठिकाणी. कोणतीही खूण घेऊन या, कोणत्याही क्रमाने विचारा, दोन सांगा की चार सांगा, ती ‘आधी आडनाव’ म्हणत नाही. मला तिचा हेवा वाटला नाही. मी आपला पुढच्या गर्दीकडे पाहत होतो. त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारणार होते.

इंदूबाईंनी डबा उघडून भाकर खाल्ली, दीक्षालाही अर्धी दिली. खाली करवत चालू होती. उन्हे कलली तेव्हा दीक्षाने पुन्हा गोंदण आणि करंगळी लिहिली आणि बटण दाबले. पडद्यावर फोटो आला.

इंदूबाई पुढे वाकल्या. “हे काय! दाढी काहून वाढू देली त्याईची?”

मग त्यांनी पडद्यावरच हात ठेवला आणि तो काढेचनात. दीक्षा खालचे वाचत होती. गोल वस्तू, लहान-मोठी, रांगेत. “हेच आहेत, सर, हेच आहेत!” म्हणत तिने मौद्याच्या निवाऱ्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला.

“बापूजींच्या घरचे सापडले, ताई! त्याईच्या मंडळी इथं बसल्या आहेत.”

पलीकडे फोन चारुशीलाताईंनी घेतला होता. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

“बापूजी गेले वं,” त्या म्हणाल्या. “मे महिन्यात. त्रास नाही झाला, झोपेतच. आम्ही कळवणार होतो, राहूनच गेलं. कोणी विचारतच नव्हतं न त्याईले.”

मे महिना म्हणजे मृगाचा हंगाम संपल्यावर. इंदूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ते होते. दुसऱ्यांदा आल्या तेव्हाही होते. लकडगंजहून मौद्याला तासाभरात जाता येते.

मग इंदूबाईंनी फोनजवळ तोंड नेले.

“बाई, माहं नाव घेतलं का त्याईनं कधी?”

“नाव नाही घेतलं, काकू. खोटं काहून सांगू? त्याईले कोणाचंच आठवत नव्हतं.” चारुशीलाताई पुढे सांगू लागल्या. “लिंबं लावत बसायचे दिवसभर. अन् त्यातलं सगळ्यात मोठं असं बाजूले ठेवायचे. पोरं मागायची, तरी देत नव्हते. कोणासाठी ठेवलं म्हटलं तर इकडंतिकडं पाहत राहायचे.”

“हाव,” इंदूबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. मधुकररावही उठले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. इंदूबाई दारापर्यंत गेल्या, मग आठवण होऊन मागे आल्या आणि पिशवीतली संत्री टेबलावर ओतली. एक घरंगळून काठाशी गेले, ते त्यांनीच थांबवले.

“छाटली नाईत जी,” त्या म्हणाल्या. “लहान-मोठी एकातच हायेत.”

त्या पुन्हा आल्या नाहीत.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्याच संध्याकाळी दीक्षाने ते वाक्य बदलले. शोध अर्धवट राहिला तर ‘शोध पूर्ण झालेला नाही, थांबा’ असे येऊ लागले. मधुकरराव त्यानंतर येणाऱ्याला आडनाव विचारीनात. “काय आठवते ते सांगा,” एवढेच म्हणत. पण ते फार दिवस आले नाहीत. पडद्यावर आलेले काहीही त्यांना मोठ्याने वाचवेना. दीक्षा पुण्याला परत गेली. खोलीत नवे व्यवस्थापक आले. माझी बहीण गुणी असली तरी तिला जागा पुष्कळ लागते आणि नवी नोंद तिच्या सगळ्या घरांत बसवायला वेळ लागतो. जुना कॉम्प्युटर कण्हू लागला. तेव्हा असे ठरले की एका माणसाच्या दोन-तीनच खुणा लिहायच्या. सवयी कुणी लिहीत नाही. आज मौद्याहून एखाद्या बापूजींची नोंद आली तर तिच्यात लिंबे नसतील.

आणि ते वाक्य? ‘शोध पूर्ण झालेला नाही’ वाचून लोक भांडू लागले. “मंग करा ना पूर्ण!” असे म्हणू लागले. ते बरोबरच म्हणत होते. पण रोज रोज कोण ऐकून घेणार? जुने वाक्य परत आले आहे. ‘क्षमस्व, नोंद आढळली नाही.’ ते ऐकून लोक काही न बोलता जिना उतरतात.

माझेही थोडेच दिवस उरले आहेत. बहिणीसाठी जागा हवी म्हणून मला काढून टाकायचे ठरले आहे. एका ओळीच्या हुकमाने मी जाईन. इंडेक्स पुसला तरी नोंदी जागच्या जागी राहतात, एकही माणूस कमी होत नाही. माझ्या पुढ्यातल्या बिनआडनावाच्या गर्दीलाही काही फरक पडणार नाही. मी असताना तरी त्यांना काय मिळाले?

मित्रांनो, मी शहाणा नाही आणि तुम्हाला उपदेश करण्याचा मला अधिकारही वाटत नाही. पण तुम्हीही कधीतरी कुणासाठी काहीतरी शोधाल. कुणी विचारील, इथे आमचा माणूस आहे का? तुम्ही दमलेले असाल, वेळ संपलेला असेल, पुढच्या खोल्या पाहायच्या राहिल्या असतील. तेव्हा सरळ सांगा की अजून सगळे पाहिलेले नाही. त्याला राग आला तरी चालेल. तो तिथेच दारात थांबेल, आणि भलत्या दिशेच्या गाडीत बसणार नाही.